मुरमाच्या वाटेवर तिच्या मागे

जव्हारच्या एसटी डेपोत मी ड्रायव्हर होतो. जव्हार–मोखाडा–खोडाळा ही माझी नेहमीची फेरी. त्या रस्त्याचं प्रत्येक वळण माझ्या मनगटांना पाठ होतं. दिवाळी झाली की वीटभट्ट्यांवर निघालेली कुटुंबं अंथरुणं, पातेली, कोंबड्या घेऊन माझ्या गाडीत बसायची आणि पाऊस तोंडावर आला की मीच त्यांना परत आणायचो. कुणाचं पोर गेल्या वर्षापेक्षा किती उंच झालं, हे मला आरशात दिसायचं.

मग एका संध्याकाळी ती मोळीवाली बाई आली.

खोडाळ्याहून परतीची फेरी होती. दिवस मावळला नव्हता, पण झाडांखाली उजेड कमी झाला होता. मोखाड्याच्या अलीकडच्या एका वळणावर माझा कंडक्टर एकदम ओरडला, "अरे बाई! बाई!" मी ब्रेक दाबला. मागची माणसं सीटवरून पुढं आपटली. डोक्यावर मोळी घेतलेली एक बाई रस्त्याच्या कडेनं चालली होती आणि गाडी तिच्यापासून हातभर अंतरावर उभी होती. तिनं मान न वळवता अंगच सगळं वळवून गाडीकडं पाहिलं, मोळी सावरली आणि निघून गेली. मला ती दिसलीच नव्हती. ती कुठं आडोशाला नव्हती. काचेतच होती, फक्त जरा कडेला होती.

तशी गाडी मी जव्हारला आणली, पण पहिल्या गिअरवर आणल्यासारखी आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी डेपोच्या साहेबांना जाऊन सांगितलं, "साहेब, माझे डोळे तपासून घ्या. तोवर मला गाडी देऊ नका."

नाशिकच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं. डोळ्याचा पडदा कडेकडून वाळत चालला होता. समोरचं दिसेल, बाजूचं जाईल. मग समोरचंही बारीक बारीक होत जाईल. औषध नाही. किती दिवस, विचारलं तर म्हणाले, कुणाचं लवकर जातं, कुणाचं उशिरा.

परत येताना बायको खिडकीशी बसली होती. त्र्यंबकेश्वर गेल्यावर ती म्हणाली, "किती दिसतं तुला? खरं सांग." आमच्या घरात बायको नवऱ्याला तूच म्हणते.

मी तिच्याकडं पाहिलं. "तुझं तोंड दिसतं. कान दिसत नाय."

ती हसली. "मग कानातलं घातलं नाय तरी चालंल." एवढं बोलून तिनं तोंड खिडकीकडं फिरवलं आणि मोखाडा येईपर्यंत ती बाहेरच बघत राहिली.

डेपोत मला चौकशीच्या खिडकीत बसवलं. कुठली गाडी कधी लागणार ते माईकवरून सांगायचं. "जव्हार–मोखाडा–खोडाळा गाडी फलाटावर लागलेली आहे." माझीच गाडी मी दुसऱ्या ड्रायव्हरसाठी पुकारायचो. नवा ड्रायव्हर इंजिन चालू करायचा तेव्हा आवाजावरून मला कळायचं, की तो क्लच सोडायला घाई करतोय. सांगावंसं वाटायचं. सांगितलं नाही.

सायकल मी त्याआधीच सोडली होती. सायकलवर माझा जीव होता. आमचं गाव पोशेऱ्याकडचं. शाळेला मोखाड्याला जायचो ते काकाच्या सायकलवर, नळीखालून पाय घालून, तिरका होऊन. ड्रायव्हर झाल्यावरही सुट्टीच्या दिवशी मी सायकल काढायचो. चाकाखालचा रस्ता गाडीत कळत नाही, सायकलवर कळतो. पण नाशिकहून आल्यावर एकदा बाजारातून येताना एक रिक्षा अंगाला घासून गेली आणि ती गेल्यावरच मला दिसली. त्या दिवशी मी सायकल शेजाऱ्याला देऊन टाकली.

बायको अंगणवाडीत मदतनीस होती. एकदा पोरांची सहल घेऊन ती जव्हार-मोखाड्याच्या मधल्या एका तळ्यावर गेली. तळं म्हणजे धरणाचं पाणी. बांध घालताना दगड वाहायला पाण्याच्या कडेनं मुरमाचा रस्ता केला होता. पुढं डोंगराच्या पलीकडून डांबरी सडक झाली आणि हा रस्ता रानात तसाच पडून राहिला. मग तिथं वनउद्यान झालं. तोंडाशी आडवी दांडी लावली, गाड्या बंद केल्या आणि जवळच्या पाड्यावरच्या बचत गटाच्या बायकांना जाड टायरच्या सायकली चालवायला दिल्या. मुंबई-नाशिकची पोरं तसल्या सायकलींना ग्रॅव्हल बाईक म्हणतात. आमच्याकडं त्या मुरमाच्या सायकली.

सहलीहून ती घरी आली ती दारातूनच बोलत. "तिथं एक गाडी नाय. मोटारसायकल नाय, टेम्पो नाय. बैलगाडीपण आत सोडत नाय."

"मग?"

"मग काय? तुज्या अंगावर येणार कोण तिथं?"

मी नको म्हणालो. दुसऱ्या रविवारीही नको म्हणालो. तिसऱ्या रविवारी तिनं भाकऱ्या बांधल्या आणि माझ्या चपला उंबऱ्यात आणून ठेवल्या.

फाट्यावर उतरून आम्ही चालत आत गेलो. खुरासणी फुलली होती. सगळा उतार पिवळा. दांडीच्या पलीकडं पाऊल टाकलं आणि मी थांबलो. ऐकत राहिलो. इंजिनाचा आवाज कुठंच नव्हता. माझं सगळं आयुष्य इंजिनाजवळ गेलेलं, मला ते विचित्रच वाटलं. वारा सागाच्या वाळक्या पानांवरून जात होता आणि खाली पाणी बांधाला लागत होतं.

सायकल घेतली. पाय टाकला, दोन पायडल मारली आणि मुरूम चाकाखाली बोलायला लागला. बारीक, कोरडा, चणे भाजल्यासारखा आवाज. मला इतका आनंद झाला की मी जोरात पायडल मारलं. रस्ता मधोमध दिसत होता, एखाद्या नळीतून पाहावा तसा. वळण कुठं सुरू झालं ते दिसलं नाही. मी सरळ गेलो आणि करवंदीच्या जाळीत पडलो.

बायकोनं माझ्या हातातले काटे काढले. मला वाटलं, ती म्हणेल चल घरी. ती म्हणाली, "तुला समोरचं दिसतं ना? मग समोर कोणतरी पायजे."

"कोण?"

"मी."

"तुला कुठं येते सायकल?"

"तुला येते ना? मग शिकव."

तिनं आयुष्यात सायकलला हात लावलेला नव्हता. तिच्या माहेरी खोडाळ्याकडं पोरींना सायकल कोण देणार? वय चाळिशीच्या पुढं. लुगड्यावर जमेना म्हणून आमच्या मुलीची शाळेतली जुनी निळी पँट घातली, वरून माझा शर्ट. बचत गटाच्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. ती त्यांना म्हणाली, "हसा, हसा. मग तुमच्या मालकांनापण आणा." मग त्या मोकळ्याच हसल्या.

मी सायकल मागून धरायचो आणि पळायचो. डोळे अधू झालेल्या माणसाला हे काम उत्तम येतं, कारण बघायचं काहीच नसतं; हाताला कळतं. ती डावीकडं कलली की माझ्या मनगटाला कळायचं. "चाकाकडं बघू नको," मी ओरडायचो. "जायचंय तिकडं बघ. चाक आपोआप जातं."

"पडले तर?"

"पड. मुरूमच आहे."

ती पडली. बरेचदा पडली. तिच्या कोपरांना खरचटलं आणि घरी येऊन तिनं खोबरेल तेल लावलं, पण पुढच्या रविवारी माझ्या आधी तयार. एके दिवशी मी धरून पळत होतो आणि ती ओरडली, "सोड आता! सोड!" मी म्हणालो, "केव्हाच सोडलंय." मी सोडलं नव्हतं. ती ओरडली म्हणून त्या क्षणी सोडलं. ती गेली. तिची पाठ माझ्या त्या छोट्या गोलातून सरळ लांब लांब जात राहिली, आणि मी मध्येच धापा टाकत उभा.

त्यानंतर आम्ही दोन सायकली घ्यायला लागलो. ती पुढं, मी मागं. तिनं पाठीवर पिवळी ओढणी तिरकी बांधायची आणि मी त्या पिवळ्यावर नजर ठेवायची. खुणा ठरवल्या त्या कंडक्टरच्या घंटीवरून. एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. बाकीचं ती तोंडानं सांगायची. "चढ आला." "ओहोळ हाय, दगड ओले." "फांदी, मान खाली."

सुरुवातीला रस्ता बांधाच्या बाजूनं सपाट जायचा. मग सागवान. सागाच्या खाली पानं पडून मुरूम झाकलेला, तिथं चाकांचा आवाज मऊ व्हायचा. पुढं ओहोळ, त्यावर पूल नव्हता, दगड मांडलेले. मग चढ. चढावर ती उतरायची नाही. दात खाऊन वर जायची, आणि वर गेली की तळं एकदम खाली पडलेलं दिसायचं. मला ते तुकड्यातुकड्यानं दिसायचं. एक तुकडा पाणी, एक तुकडा डोंगर. मान फिरवून फिरवून मी ते जोडायचो. ती विचारायची, "झालं का बघून?" मी म्हणायचो, "अजून थोडं राहिलंय." मग ती भाकरी सोडायची, नागलीची भाकरी, सुक्या बोंबलाची चटणी, आणि आम्ही तिथंच खायचो.

गाडी चालवत होतो तेव्हा शंभर माणसं माझ्या मागं बसायची आणि कुठंतरी पोचायची. या वाटेवर कुठंच पोचायचं नव्हतं. पाण्याला वळसा घालून जिथून निघालो तिथंच यायचं. तरी आठवडाभर डेपोच्या खिडकीत बसून मी त्या रविवाराची वाट पाहायचो.

एक गोष्ट सांगायची राहते. त्या चढानंतर उतार होता, लांब, सरळ, दोन्ही बाजूंना ऐनाची झाडं. तिथं ती नेहमी ब्रेक दाबत, हळू जायची, मी मागं राहू नये म्हणून. एक दिवस ती हळू गेली नाही. ओढणी बारीक होत गेली आणि नाहीशी झाली. मग तिचं हसणं ऐकू आलं, कुठून तरी खालून, पोरीसारखं. मग तेही नाही. मी सायकल थांबवली आणि पाय टेकून उभा राहिलो. भीती वाटली का, तर वाटली. राग आला का, तर थोडा आला. पण त्या हसण्याचा आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. लग्नानंतर पहिल्या वर्षातही नाही.

ती परत वर आली ती सायकल ढकलत, दमलेली. मी म्हणालो, "ब्रेक लागला नाय?"

तिनं सायकल झाडाला टेकवली. मग म्हणाली, "ब्रेक बरा हाय. मला थांबायचंच नव्हतं."

मी म्हणालो, "मग पुढच्या वेळी सांगून जा. मी वर बसून राहीन."

तेव्हापासून तो उतार तिचा झाला. ती एकटी खाली जायची, मी वर बसायचो, आणि ती चढून परत आली की मग आम्ही दोघं सावकाश उतरायचो. बाकी सगळा रस्ता आमचा दोघांचा.

मग माझा गोल लहान होत गेला. आधी ओढणीची टोकं गेली, मग ओढणी हलली की सापडायची नाही. मी सांगितलं नाही. मी तिच्या चाकांच्या आवाजामागं जायला लागलो. मुरमावर चाक मधोमध असलं की आवाज दाट येतो, कडेला गेलं की गवत लागून विरळ होतो. ते मला जमत होतं. पण एकदा वारा उलटा सुटला. तिनं "डावीकडं" म्हटलं ते मला ऐकू आलं नाही आणि मी चरात गेलो. मनगट मोडलं.

मुलगी नाशिकला नर्स आहे. ती आली, प्लॅस्टर पाहिलं आणि आईला बाजूला घेऊन बोलली. मग माझ्यापाशी आली. "बाबा, आता बास. आणि इथं दोघं एकटे राहू नका. माझ्याकडं चला."

"तिथं काय करू?"

"इथं काय करता?"

डेपोची नोकरीही मी सोडली. खिडकीतला कागद वाचता येत नव्हता, दुसऱ्याकडून वाचून घेऊन पुकारायचो. असं किती दिवस चालणार.

आता आम्ही नाशिकला राहतो. तिसरा मजला, खाली मोठा रस्ता. सकाळपासून गाड्या सुरू होतात. मी गॅलरीत बसून सांगू शकतो, हा टेम्पो, ही बस, ही बस ओव्हरलोड आहे. मुलीनं माझ्यासाठी घरात व्यायामाची सायकल आणली, एका जागी उभी असते ती. बिचारीनं किती विचार करून आणली. मी रोज पायडल मारतो. पाय दमतात. पण चाकाखाली काही नसतं, अंगाला वारा लागत नाही, चढ आला म्हणून कुणी सांगत नाही. ती एकदा म्हणाली, "बाबा, दोघांची जोडसायकल मिळते. आई पुढं, तुम्ही मागं." मी म्हणालो, नको. हँडल माझ्या हातात नसेल तर ती सायकल नव्हे, गाडीतली सीट आहे. तिला वाईट वाटलं. पण खरं तेच होतं.

बायको इथं सायकल चालवत नाही. या गर्दीत तिला भीती वाटते. भाजी आणायला जाते, येते, शेजारच्या बायकांशी तिचं जमलंय. कधी कधी दुपारी ती माझ्या बाजूला येऊन बसते. एकदा मी विचारलं, "कशाचा विचार करतेस?" ती म्हणाली, "उताराचा."

तेव्हा मी मुलीला म्हणालो, आम्हाला एकदा घेऊन चल.

मागच्या थंडीत गेलो. मुलीनं गाडी फाट्यावर लावली, आम्ही दांडीपर्यंत चाललो. मला आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं. सागाखाली आलो की चेहऱ्याला कळतं, ऊन जातं. बचत गटाच्या बायका धावत आल्या. एकीनं माझा हात धरून मला बाकावर बसवलं. पाणी जवळ होतं, वास येत होता, चिखलाचा आणि शेवाळाचा.

बायको माझ्यासमोर उभी राहिली. "मी नाय जात. बसते तुज्याजवळ."

"मग आलो कशाला?"

"तू नुसता बसणार."

"मी ऐकतो. जा तू."

ती बराच वेळ उभी होती. मग सायकल काढल्याचा आवाज आला. टायर दाबून पाहिल्याचा. मुलगी म्हणाली, "आई, मी पण येऊ मागून?" आणि ती म्हणाली, "नको."

मुरमावर चाक लागलं. मी डोळे मिटले, मिटायची गरज नव्हती तरी. आवाज बांधाच्या बाजूनं गेला, सपाटावर एकसारखा. मग मऊ झाला, म्हणजे साग आला. मग नाही. म्हणजे ओहोळ, तिथं ती उतरली असणार. मग मला आठवूनच जावं लागलं. आता चढ. आता वर. आता ती पाण्याकडं बघत असेल. आता उतार. हसणं ऐकू येईल म्हणून मी मान तिकडं केली. एवढ्या लांबून ऐकू येत नाही. तिथं मागं कुणी उभं नव्हतं. ती हसली की नाही, कुणालाच माहीत नाही.

माझे पाय बाकाखाली हलत होते. मुलीनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, तेव्हा मला कळलं.

पलीकडच्या बाजूनं आवाज परत यायला बराच वेळ लागला. ती उतरली आणि माझ्या शेजारी येऊन बसली. अंग गरम झालं होतं, श्वास जोरात चालला होता. मी विचारलं, "कसा आहे रस्ता?"

"पावसानं थोडा धुतलाय. चढावर खडे वर आलेत. पाणी खूप हाय यंदा. पल्याडच्या काठाला बगळे बसलेत, लय बगळे." मग म्हणाली, "मी बोलत गेले."

"कुणाशी?"

"तुज्याशीच. फांदी, ओहोळ, सगळं. सवय हाय ना."

मी म्हणालो, "अजून एक फेरी मार."

"दमले."

"मार. परत कधी येऊ कुणास ठाऊक."

ती उठली. बायकांनी चहा आणला होता, त्यातला एक कप मी तिच्यासाठी बाजूला ठेवायला सांगितला. चाकं पुन्हा मुरमावर लागली आणि निघाली. मला उठायचं होतं, एक सायकल घ्यायची होती आणि तिच्या मागं जायचं होतं, पडलो तर पडलो. मी बसून राहिलो. चहा देणाऱ्या बाईला विचारलं, "दिसते का अजून?"

"दिसते," ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "आता झाडांत गेली."